करिश्माच्या बसमधले संशयित

“तोंडावरचा दुपट्टा काढा,” कंडक्टरबाई म्हणाल्या.

मी नाही काढला. काढला असता तर कित्येक महिन्यांची मेहनत त्या बसमध्येच पाण्यात गेली असती.

“काढता, का मी काढू?”

बसमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. पुढच्या गावच्या मंडईला निघालेली माणसं होती ती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणे येतात, आणि त्या दिवसांत एसटीत पाय ठेवायला जागा नसते. तेवढ्या गर्दीतही ड्रायव्हरच्या मागच्या सीटपाशी करिश्मा उभी होती. एका हातानं तिनं दांडी धरली होती. दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर रोखलं होतं. चालत्या बसमध्ये दांडी धरूनच उभं राहायचं, हे तिला मी शिकवलं होतं. बोट कसं रोखायचं, तेही मीच.

“हाच,” ती म्हणाली. “हा मानूस माह्या मागं लागला हाय.”

आता हा माणूस कोण, ते सांगतो. मी स्पेशल एज्युकेटर आहे. ज्या मुलांना शिकायला वेळ लागतो, त्यांना शिकवणं हे माझं काम. त्यातही माझ्याकडे मोठी मुलं असतात, अठराच्या पुढची. अठरा पूर्ण झाले की शाळा संपते, शिबिरं संपतात, सगळ्यांचा उत्साहही संपतो. मूल घरी टीव्हीसमोर बसतं आणि आईबाप एकमेकांना विचारत राहतात, आपल्यामागं ह्याचं कसं? त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा मला पगार मिळतो. पगार थोडा आहे, पण प्रश्न मोठा असल्यामुळे नोकरी पक्की आहे.

करिश्माचं गाव आरमोरीहून आत, जंगलाला लागून. घरची धानाची शेती. वय बावीस. तिला डाऊन सिंड्रोम आहे, जन्मापासूनच. बोलणं थोडं जड, नवीन गोष्ट शिकायला वेळ लागतो, पण एकदा शिकली की दगडावरची रेघ. स्वभावानं कडक. केसांत एका वेळी मावतील तेवढ्या क्लिपा. अंगणात चार माणसं आली की त्यांच्या चपला ती आधी ओळीत लावणार, मग बोलणार. कोणी खर्रा खाऊन भलतीकडे थुंकला तर त्याची खैर नाही. सरपंचांनाही तिनं एकदा पाणी टाकून जागा धुवायला लावली होती.

तिला काम मिळालं होतं. आरमोरीत शकीलभाईंची बेकरी आहे, तिथं टोस्ट तोलून पाकिटात भरायचे. हे काम तिनं असं उचललं की शकीलभाई खूश. पाकीट जरा कमी भरलं की ती टोस्ट बाहेर काढून पुन्हा तोलायची. अडचण एकच होती. तिला पोचवायला आई रोज सोबत यायची, आणि आता धानकापणी सुरू झाली होती. आईला शेत सोडून येणं शक्य नव्हतं.

शकीलभाई मला म्हणाले, “सर, लड़की का काम एक नंबर. पर लग्नाचा सीजन आहे, मेरे को रोज आनेवाली होना. येत असेल तर जागा तिची. नसेल तर दुसरी बघावी लागेल.”

म्हणजे करिश्मानं एकटीनं बसनं यायला हवं होतं. याला आम्ही ‘ट्रॅव्हल ट्रेनिंग’ म्हणतो. नाव भारी आहे, काम साधं. आधी मी तिच्या शेजारी बसून जायचो. मग दोन सीट मागं. मग एकदम शेवटच्या सीटवर. आधार असा थोडा थोडा कमी करत न्यायचा, याला ‘फेडिंग’ म्हणतात. शेवटी शिकवणाऱ्यानं पूर्ण गायब व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण गायब होणं माझ्यासारख्या बडबड्या माणसाला फार जड जातं.

करिश्माचे वडील नामदेवभाऊ. भला माणूस, पण पोरीच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, “एक डाव जाऊन दाखवू द्या जी तिले. एकटी. कोनाची मदत नाई. जमलं तं रोज जाईल. नाई जमलं तं मंग हा विषय माह्या घरात काढाचा नाई.”

“आणि कामाचं?”

“काम गेलं तं गेलं. पोरगी घरी बरी.”

“रस्त्यात जंगल आहे म्हणून भीता का भाऊ?”

“वाघाले मी भेत नाई, सर,” ते म्हणाले. “मानसाले भेतो.”

करिश्मा बाजूलाच चपला लावत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मी जाईन ना जी एकटी. तुमी काऊन भेता?”

मग आम्ही माणसांचाच धडा घेतला. तिच्या अंगणात नाटक बसवलं. मी वाईट माणूस झालो. तोंडाला दुपट्टा गुंडाळून तिच्या मागं मागं फिरलो. तिनं काय करायचं? घाबरायचं नाही. बोट दाखवायचं. मोठ्यानं बोलायचं. कंडक्टरला सांगायचं. आणि शेवटचा नियम मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतला, की माणूस ओळखीचा असला तरी सांगायचं. कारण त्रास देणारा पुष्कळदा ओळखीचाच निघतो, हे आमच्या धंद्यात फार लवकर कळतं.

तिचे दिवाकरमामा बाजेवर बसून बघत होते. त्यांच्याकडे बोट करून ती म्हणाली, “मामा असला तरी?”

“मामा असला तरी.”

मामांना ते काही आवडलं नाही. पण करिश्माला धडा इतका आवडला की तिसऱ्या खेपेला तिनं वाईट माणसाच्या पाठीत जेवणाचा डबा घातला. डबा स्टीलचा होता.

जायच्या आदल्या दिवशी चंद्रपूरहून आमच्या देशकर सरांचा फोन आला. ते आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख.

“शॅडोइंग करतोयस ना?” त्यांनी विचारलं.

शॅडोइंग म्हणजे तिला कळू न देता मागं राहायचं. तिनं वाट चुकली, घाबरली, तरच पुढं व्हायचं.

“सर, वडिलांना शब्द दिलाय. सोबत कोणी नसेल म्हणून.”

“सोबत कुठं? मागं. तिला तू दिसला नाहीस म्हणजे तू नाहीसच.”

“तिला सांगून ठेवू का?”

“सांगितलंस तर सगळा वेळ तुझ्याशीच गप्पा मारेल. नको सांगू.”

मला पटलं. साहेबांचं म्हणणं आपल्या मनातलंच असलं की ते फार लवकर पटतं. मी नामदेवभाऊंना फोन करून छातीठोकपणे सांगितलं, उद्या तिच्यासोबत कोणीही नसेल. ते म्हणाले, “हो जी. आमच्याकडून बी कोनी नाई. देवाशपथ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर अलीकडच्या गावात ठेवली आणि तिथूनच बस पकडली. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला दुपट्टा. आमच्याकडे धुळीसाठी अर्धं जग असंच फिरतं, कोणी बघतही नाही. मागच्या सीटवर एका काकांच्या पोत्याआड जागा मिळाली. मी वेषांतरावर एवढा खूश होतो की मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

करिश्माचं गाव आलं. ती थांब्यावर उभी होती. एकटी. पाठीवर बॅग, हातात पास, डोक्यावर क्लिपांचं दुकान. बस थांबली तरी ती लगेच चढली नाही. आधी पाटीवरचं ‘आ’ शोधलं. मग ड्रायव्हरला विचारलं, “आरमोरी?” त्यानं मान हलवली, तेव्हाच चढली. पुढच्या सीटवर जागा मिळवली, बॅग मांडीवर घेतली. कंडक्टरबाईंना पास दाखवताना म्हणाली, “मी कामावर चालली.” अशा थाटात, की बाईंनी पास जरा जास्तच आदरानं परत दिला.

मी पोत्याआड मनानं उड्या मारत होतो. बावीस वर्षं जिचं बोट कोणी सोडलं नव्हतं ती पोरगी कामावर चालली होती. माझ्या चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या. मला त्याची लाजही वाटली नाही.

मग ती मागं वळली. सगळ्या बसवर एक नजर फिरवली. मी पोत्यात तोंड घातलं. तिनं खाली वाकून सीटांच्या खाली काहीतरी बघितलं. काही पडलं असेल, असं मला वाटलं. ती उठली, दांडी धरली, कंडक्टरबाईंना हाक मारली आणि बोट थेट माझ्यावर रोखलं.

इथून आपण परत दुपट्ट्यापाशी येतो.

माझी पंचाईत समजून घ्या. मी म्हटलं असतं, की बाई, मी तिचा शिक्षक, तर परीक्षा तिथंच संपली असती. नामदेवभाऊंना दिलेला शब्द खोटा, करिश्मा घरी आणि टोस्ट दुसऱ्या कोणाच्या हाती. नाही म्हटलं तर मंडईआधीच मला मंडईवाल्यांचा मार. मी गप्प राहिलो. आणि तोंड बांधून गप्प बसलेला माणूस जसा दिसतो, अगदी तसाच दिसलो.

“वर्दीवाल्या बाईले बी उत्तर देऊन नाई राह्यला,” पोतंवाले काका म्हणाले आणि त्यांनी पोतं ओढून घेतलं. माझा आडोसाही गेला.

तेवढ्यात मधल्या सीटवरून कानटोपी घातलेला एक माणूस ताडकन उठला आणि त्यानं माझी कॉलरच धरली.

“काऊन बे! आमच्या पोरीच्या मागं लागतं का?”

आवाज ओळखीचा होता. डोळे बघितले. दिवाकरमामा! त्यांनी मात्र मला ओळखलं नाही. वेषांतर खरंच उत्तम होतं.

“तुमची पोरगी?” कंडक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या. “तुमची कोन हाय ती?”

मामा अडकले. “कोनी नाई. मी तं… मंडईले चाललो.”

“हा बी,” करिश्मा शांतपणे म्हणाली. “हा बी मागं लागला.”

बसमध्ये हशा सुरू झाला. खिडकीपाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “अवो बाई, बाहेर बी पाहा. तो हेलमेटवाला कवापासून खिडकीतून डोकावून राह्यला.”

खरंच एक मोटरसायकल बसला चिकटून धावत होती. त्या रस्त्यावर हेल्मेट घातलेला माणूस मी कधी पाहिलेला नाही. त्यानं ते न घालता पिवळा फेटा बांधला असता तरी कमी उठून दिसला असता. करिश्मानं खिडकीतून वाकून बघितलं.

“तो बी!”

आता हशाचा गडगडाट झाला. मामांची पकड ढिली झाली. बाईंनी माझा दुपट्टा खेचला, मग मामांची कानटोपी. मामा माझं तोंड बघून “आबाबा!” एवढंच बोलले.

“ओळखते का व, बाई, यायले?” कंडक्टरबाईंनी विचारलं.

करिश्मानं माझ्याकडे सरळ बघितलं. मी डोळ्यांनी विनवत होतो, पण काय विनवत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. ओळख म्हणू, की ओळखू नको म्हणू?

“उतरवा यायले,” ती म्हणाली.

घंटी वाजली. फाट्यावर चहाची टपरी होती, तिथं बस थांबली. ड्रायव्हरनं उतरून मोटरसायकलवाल्याला अडवलं, किल्ली काढून टपरीवाल्या मावशीच्या हातात दिली. कंडक्टरबाई दारातून ओरडल्या, “मावशे, आरमोरीहून निरोप आल्याशिवाय या तिघायले सोडजो नको!” मावशीनं भज्यांचा झारा उचलून होकार दिला. दोन घंट्या वाजल्या आणि बस गेली. खिडकीतून करिश्मा हात हलवत होती. कोणाला, ते आजवर कळलेलं नाही.

हेल्मेट निघालं. आत नामदेवभाऊ.

“सर? तुमी?”

“भाऊ? तुम्ही? देवाशपथ म्हणाला होतात ना?”

“मी म्हनलं होतं, सोबत कोनी नाई. मागं नाई म्हनलं नव्हतं.”

हा युक्तिवाद माझ्या साहेबांचाच होता, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. मामा म्हणाले, “मले तं भाऊजीनंच धाडलं. अन् मंग माह्यावर बी भरोसा नाई ठेवला, स्वतः बी आले!”

“तू बसमधी झोपतं म्हनून,” नामदेवभाऊ म्हणाले.

आम्ही तिघं खो खो हसलो. मावशीनं विचारलं, “चा घेता का, गुन्हेगार लोकं?” आम्ही आणखी हसलो. आणि हसता हसता नामदेवभाऊ एकदम थांबले. रस्त्याकडे बघत म्हणाले, “म्हंजे… त्या बसमधी आता आपला कोनीच नाई.”

जन्मापासून पहिल्यांदा ती पोरगी खरोखर एकटी होती. तिला फोन लावला, जंगलात रेंज नाही. बेकरीत लावला, शकीलभाई उचलत नाहीत. स्टँडवर उतरून तिला रस्ता ओलांडायचा होता आणि बेकरीच्या गल्लीत वळायचं होतं. ते आम्ही किती वेळा केलं होतं! पण नामदेवभाऊ राहून राहून रस्त्यापर्यंत जाऊन येत होते, आणि खरं सांगतो, मीही. मी मावशीकडे किल्ली मागितली. तिनं झारा दाखवला.

बऱ्याच वेळानं आरमोरीहून उलटी बस आली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. आमच्याकडे एसटीवाले असेच निरोप पोचवतात, कोणाचं औषध, कोणाची चिठ्ठी, कोणाचे गुन्हेगार.

“मावशी, सोड त्यायले! पोट्टी स्टँडवर उतरली.”

“पुढं कुठं गेली?” नामदेवभाऊ धावले.

“ते मले काय ठाऊक जी? ताठ मानेनं गेली, एवढं पाह्यलं.”

आम्ही तिघं एका मोटरसायकलवर. मामा मध्ये. हेल्मेट मावशीकडेच राहिलं.

बेकरीच्या दारात पोचलो तेव्हा आतून ताज्या टोस्टचा वास येत होता. नामदेवभाऊ उंबऱ्यावरच थबकले. त्यांना आत बघायचा धीर होईना. मग मीच डोकावलो. काट्यासमोर, डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीबाहेर दोन क्लिपा, करिश्मा टोस्ट तोलत होती.

“आले का?” ती म्हणाली. “किती उशीर!”

शकीलभाई हात पुसत आले. “लड़की तो टाइम पे आई. तुम तीनों कहाँ थे?”

नामदेवभाऊ आत गेले. पोरीजवळ उभे राहिले. त्यांनी भरलेलं एक पाकीट उचललं, बघितलं, परत ठेवलं. “आली पोरगी,” ते म्हणाले. “एकटी आली.” मग त्यांचे डोळे भरून आले, आणि मामांचेही, आणि शकीलभाईंना काहीच माहीत नसताना त्यांचेही.

मी करिश्माला विचारलं, “तू आम्हाला ओळखलं नव्हतंस?”

“ओळखलं ना,” ती म्हणाली. “तुमची चप्पल दिसली सीटखाली. मामाची बी. मी रोज लावतो ना अंगनात.”

“मग कंडक्टरबाईंना कशाला सांगितलंस?”

तिनं काट्यावरून हात काढला नाही. “तुमी मागं लागले होते ना? मले न सांगता. तुमीच शिकवलं, ओळखीचा असला तरी सांगाचं.”

मी नामदेवभाऊंकडे बघितलं. ज्या माणसाला माणसांची भीती वाटत होती, त्यानं पोरीची टोपी सरळ केली. मग म्हणाला, “सर, ही जाईल आता रोज. हिले कोनी हात लावत नाई.”

संध्याकाळी देशकर सरांचा फोन आला.

“शॅडोइंग कसं झालं?”

“अर्ध्या वाटेपर्यंत उत्तम, सर. मग तिनंच फेडिंग केलं.”

“म्हणजे?”

“मला उतरवलं.”

ते म्हणाले, “रिपोर्टमध्ये हे जरा वेगळ्या शब्दांत लिही.”

करिश्मा आता रोज जाते. कंडक्टरबाई तिच्या पक्क्या मैत्रीण झाल्या आहेत. आणि मी एक धडा घेतला. कोणाच्या मागं राहायचं असेल तर आधी त्यालाच विचारतो. बहुतेक जण नाही म्हणतात. मग मी पुढच्या बसनं जातो.

मागच्या आठवड्यात मला बेकरीतच काम होतं, म्हणून मी तीच बस पकडली. दुपट्टा नाही, चष्मा नाही. कंडक्टरबाईंनी मला बघितलं, तिकिटाची मशीन खाली केली आणि पुढच्या सीटकडे वळून विचारलं, “करिश्मा, हे येऊन राह्यले. चालते का?”

करिश्मानं खाली वाकून माझ्या चपला बघितल्या. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बसमधले सगळे वाट बघत होते, आणि मीही.

“चालते,” ती म्हणाली. “आज सांगून आले.”